जबड्याचा सांधा: दुखणी आणि उपाय

पुढे वाचण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करा. दोन्ही हातांच्या तर्जनी कानाच्या छिद्रापुढे साधारण एक सेंटीमीटर अंतरावर हलकेच टेकवा आणि तोंड अगदी सावकाश उघडा. सुरुवातीला बोटांखाली काहीतरी जागच्या जागी फिरते आहे असे वाटेल. तोंड आणखी उघडले की तोच उंचवटा बोटाखालून पुढे सरकेल आणि त्या जागी एक लहानसा खळगा पडेल. तोंड मिटा, उंचवटा पुन्हा जागेवर येईल. बोटांखाली जे हलले तो खालच्या जबड्याचा माथा. तो जिथे कवटीला टेकतो तो जबड्याचा सांधा. काहीजणांना हे करताना एका बाजूला ‘टक्’ असा आवाज ऐकू येईल. त्यांनी घाबरू नये. त्या आवाजाकडे आपण पुढे येणारच आहोत.

दाराची बिजागरी फक्त फिरते. टेबलाचा खण फक्त सरकतो. जबड्याचा सांधा ही दोन्ही कामे करतो. तोंड पहिले दोन-अडीच सेंटीमीटर उघडेपर्यंत मुख्यतः फिरण्याची क्रिया असते, त्यानंतर माथा आपली खोबण सोडून पुढच्या उतारावर घसरत जातो. ही दोन कामे एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून माथा आणि खोबण यांच्यामध्ये चिवट, लवचीक अशी एक चकती असते. ती मध्यभागी पातळ आणि कडांना जाड असते. चकतीमुळे सांध्याचे दोन मजले होतात. खालच्या मजल्यात फिरणे, वरच्या मजल्यात सरकणे. दोन्ही मजल्यांत वंगणाचे काम करणारा संधिद्रव थोड्या प्रमाणात असतो.

आणखी एक गोष्ट या सांध्याला इतरांहून वेगळी ठरवते. उजवा गुडघा वाकवताना डावा सरळ ठेवता येतो. पण खालचा जबडा हे दोन्ही टोकांना सांधे असलेले एकच हाड आहे. त्यामुळे उजवा सांधा हलवला की डाव्याला हलावेच लागते. एका बाजूचा सांधा अडला तर तोंड उघडताना हनुवटी सरळ खाली न जाता अडलेल्या बाजूला वळते. आरशासमोर उभे राहून हे कोणालाही तपासता येते.

शिक्षकांनी वर्गात याचा एक छान प्रयोग घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने कागदाची स्वतंत्र पट्टी घ्यावी, तोंड पूर्ण उघडून वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमधील अंतर त्यावर खूण करून मोजावे, आणि सर्वांच्या मापांचा आलेख फळ्यावर काढावा. मोठ्या माणसांत हे अंतर बहुधा ४० ते ५० मिलिमीटर असते. मोजपट्टी नसेल तर आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात उभी बसतात का ते पाहावे. बसली तर तोंड पुरेसे उघडते असे समजावे.

तरफेचे गणित

तरफेचे तीन प्रकार तुम्ही शिकला आहात. खालचा जबडा ही चिमट्यासारखी तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. सांधा हा टेकू, चावण्याचे स्नायू हे बल, आणि दातांखालचा घास हा भार. बल टेकू आणि भार यांच्यामध्ये लागते. गालावर हात ठेवून दात आवळा. हाताखाली जो फुगतो तो चर्वणक स्नायू. कानशिलावर हात ठेवून तेच करा. तेथे फुगतो तो शंखक स्नायू.

आता गणितासाठी सोयीचे आकडे घेऊ. समजा स्नायूंचे बल टेकूपासून ३ सेंटीमीटरवर लागते, दाढ ५ सेंटीमीटरवर आहे आणि पटाशीचे दात ९ सेंटीमीटरवर. स्नायूंनी ६० किलोग्रॅम-भार इतके बल लावले. सुपारी दाढेखाली असेल तर तिच्यावर ६० × ३ ÷ ५, म्हणजे ३६ किलोग्रॅम-भार पडेल. तीच सुपारी पुढच्या दातांत धरली तर ६० × ३ ÷ ९, म्हणजे फक्त २०. कठीण वस्तू आपण नकळत दाढेखाली का नेतो ते यावरून कळेल.

पण लावलेले बल होते ६०. उरलेले कुठे गेले? ते टेकूवर गेले. दाढेने चावताना दोन्ही सांध्यांवर मिळून २४ आणि पुढच्या दातांनी चावताना तब्बल ४०. म्हणजे कोवळ्या कणसाचे दाणे पुढच्या दातांनी ओरबाडताना किंवा ऊस दातांनी सोलताना सांध्यावर दाढेने चावताना पडतो त्यापेक्षा बराच अधिक दाब येतो. निरोगी सांधा हे सहज सोसतो. दुखऱ्या सांध्याच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, “पेरू कापून खा, दाताने तोडू नका.” त्या साध्या सूचनेमागे हे गणित आहे.

काय बिघडते?

जबड्याच्या सांध्याची दुखणी दुर्मीळ नाहीत. वेगवेगळ्या पाहण्यांतून दर शंभर माणसांमागे पाच ते बारा जणांना ती असल्याचे आढळले आहे, आणि स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट असते. ‘सांध्याचे दुखणे’ असे आपण म्हणतो खरे, पण पुष्कळ रुग्णांत दुखतात ते स्नायू. झोपेत दात खाण्याची सवय, दिवसा नकळत दात आवळून धरणे, परीक्षेची किंवा नोकरीची चिंता, अपुरी झोप, अशा अनेक गोष्टी त्याला हातभार लावतात. दुखणे कानशिलात, गालात, कधी मानेत जाणवते. कित्येकांना वाटते की कानच दुखतो आहे, आणि कानात तर काहीच सापडत नाही.

दुसरा बिघाड चकतीचा. चकती माथ्यावर टोपीसारखी नीट न बसता थोडी पुढे घसरते. तोंड उघडताना माथा तिच्या जाड कडेवरून उडी मारून पुन्हा तिच्या मध्यावर बसतो, आणि ‘टक्’ असा आवाज होतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला कोणताही उपचार लागत नाही. असा आवाज कितीतरी निरोगी माणसांच्या जबड्यातून जन्मभर येत राहतो. काही थोड्या जणांत मात्र चकती पुढेच अडकून पडते. आवाज एकाएकी थांबतो आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासे होते. याला अडकलेला जबडा म्हणू.

तिसरा बिघाड हाडांच्या पृष्ठभागाचा, म्हणजे संधिवाताचा. त्यात आवाज ‘टक्’ असा न येता वाळूवर पाय घासल्यासारखा करकर येतो.

दात घासण्याचा बहाणा

या दुखण्यांवर नेमका कोणता उपचार करावा याचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून एक उपपत्ती मांडली. दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचा माथा मागे सरकतो, कानाजवळच्या मज्जातंतूंवर दाब येतो आणि दुखू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणजे दातांची उंची वाढवायची. १९४८ मध्ये हॅरी सिचर या शरीररचनाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की माथा त्या जागी दाब देऊच शकत नाही. रचनाच तशी नाही. पण एकदा रुजलेली कल्पना सहजासहजी मरत नाही. ‘दात नीट जुळत नाहीत म्हणून सांधा दुखतो’ या समजुतीने पुढेही कित्येक वर्षे हजारो लोकांचे चांगले दात घासून कमी-जास्त करण्यात आले. पुष्कळांना त्याने बरेही वाटले.

बरे वाटले, म्हणजे उपचार खरा, असे तुम्ही म्हणाल. शिकागोच्या गुडमन, ग्रीन आणि लास्किन या दंतवैद्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. त्यांनी पंचवीस रुग्णांना खुर्चीत बसवले, उपकरणे फिरवली, दात घासल्याचा पुरा देखावा केला आणि प्रत्यक्षात दातांना काहीच केले नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पंचवीसपैकी सोळा जणांचे दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे थांबले.

याचा अर्थ त्या सोळा जणांचे दुखणे खोटे होते असा मुळीच नाही. आपल्यावर उपचार होतो आहे या विश्वासाने स्नायूंचा ताण उतरतो, वेदना खरोखर कमी होते. शिवाय अशी दुखणी चढत-उतरत असतात, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर उतार पडणारच. म्हणूनच कोणताही नवा उपचार लटक्या उपचाराशी तोलून पाहावा लागतो. तोलून पाहिला नाही तर यशाचे श्रेय कोणाला द्यायचे ते ठरत नाही. घासलेले दात मात्र पुन्हा वाढत नाहीत! मला तर सांध्याच्या कोणत्याही उपचाराविषयी विचारायचा पहिला प्रश्न हाच वाटतो: हा उपचार लागू पडला नाही, तर मागे फिरता येईल का?

मागे फिरता येणारे उपाय

सुदैवाने पहिल्या फळीतले सगळे उपाय असेच आहेत. सांध्याला विश्रांती देणे हा त्यातला पहिला. पायाला प्लास्टर घालता येते, जबड्याला तशी पूर्ण सुट्टी देता येत नाही. पण काम हलके करता येते. काही दिवस मऊ भात, खिचडी, पेज, शिरा असे खाणे, चिक्की आणि च्युइंग गम टाळणे, मोठे घास न घेणे, नखे व पेन्सिली न चावणे. गरम पाण्याने भिजवलेल्या रुमालाने गाल आणि कानशील दहा-पंधरा मिनिटे शेकल्याने आवळलेले स्नायू सैल होतात. दुखणे फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या देतात.

याहून महत्त्वाची एक सवय आहे. या क्षणी तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकले आहेत का ते पाहा. टेकलेले असतील तर स्नायू विनाकारण काम करीत आहेत. विश्रांतीच्या स्थितीत ओठ मिटलेले, जीभ टाळूला हलकेच लागलेली आणि दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असावी. दात एकमेकांना भिडायचे ते घास चावताना आणि गिळताना, एवढेच. अभ्यासाला बसल्यावर वहीच्या कोपऱ्यात एक ठिपका काढून ठेवा. ठिपका दिसला की दात सुटे आहेत ना ते पाहायचे. हा उपाय फुकट आहे आणि प्रशिक्षित उपचारकही रुग्णांना अगदी असाच शिकवतात.

यानंतर व्यायाम. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला जबडा सावकाश, सरळ रेषेत उघडायला शिकवतात, स्नायूंमधील दुखरे बिंदू दाबून मोकळे करतात, मान आणि खांदे यांची ठेवण सुधारतात. वाकून वाचणाऱ्याची मान पुढे येते, आणि मानेच्या स्नायूंचा ताण जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोचतो. दुखणे जुनाट असेल तर मानसतज्ज्ञाची मदत घेतात. वेदनेविषयीची भीती आणि तिच्यापोटी जडलेल्या सवयी ओळखून त्या बदलण्याचा हा उपचार असतो. ‘म्हणजे दुखणे मनाचेच का?’ असे विचारून काही रुग्ण रागावतात. पण वेदना मेंदूत जाणवते, आणि मेंदूला नवे शिकवता येते, इतकाच याचा अर्थ.

२०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दोनशेहून अधिक चाचण्यांचा आढावा घेऊन तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या जबड्याच्या दुखण्याविषयी शिफारशी केल्या. ठाम शिफारस मिळाली ती याच साध्या उपायांना: देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, वर्तनोपचार, आणि रुग्णाला नीट समजावून घरी करायच्या गोष्टी शिकवणे. उलट दात किंवा जबड्याची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरुद्ध त्यांनी ठाम मत दिले.

दंतवैद्य रात्री दातांवर बसवायला पारदर्शक पट्टी देतात, तिला ‘नाइट गार्ड’ म्हणतात. ती काढता-घालता येते. झोपेत दात खाणाऱ्यांचे दात झिजण्यापासून ती वाचवते. दुखणे थांबवण्याच्या बाबतीत मात्र तिचा पुरावा दुबळा आहे आणि वरील गटाने तिची शिफारस केली नाही. म्हणून ती वापरणाऱ्याने आपण कशासाठी वापरतो आहोत, दातांसाठी की दुखण्यासाठी, हे आपल्या दंतवैद्याला विचारून घ्यावे.

अडकलेला जबडा

चकती पुढे अडकून तोंड उघडेनासे झाले तर? येथे कोणालाही वाटेल की आता शस्त्रक्रिया करून चकती जागेवर बसवणे हाच उपाय. एडिंबरोचे शल्यचिकित्सक थॉमस अनॅन्डेल यांनी १८८७ सालीच चकती जागेवर आणून टाके घातल्याचे प्रसिद्ध केले होते. यंत्राचा सुटा भाग जागेवर बसवला की यंत्र चालते, हा विचार सरळ आहे. पण शरीर हे नुसते यंत्र नाही.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा चाळीस रुग्णांवर काहीही उपचार न करता त्यांना अडीच वर्षे नुसते पाहण्यात आले. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचे दुखणे एकतर थांबले किंवा कमी झाले. चकती जागेवर आली म्हणून नव्हे. चकतीच्या मागची ऊती दाब सोसून हळूहळू चकतीसारखीच चिवट होते आणि सांधा नव्या व्यवस्थेशी जुळवून घेतो. उरलेल्या चौथ्या हिश्शाचे काय, हा प्रश्न राहतोच. त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेत.

त्यातला सर्वांत सुटसुटीत उपाय १९९१ साली डॉरिट नित्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. सांध्याच्या वरच्या मजल्यात दोन सुया घालायच्या, एकीतून क्षारद्रव सोडायचा, दुसरीतून बाहेर काढायचा. सांधा धुऊन निघतो. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटल्या की त्या ओढून निघत नाहीत; मध्ये थोडे पाणी किंवा हवा शिरली की सहज सरकतात. चिकटून बसलेली चकती अशीच मोकळी होते आणि पुष्कळांचे तोंड लगेच जास्त उघडते. गंमत म्हणजे चकती जागेवर येत नाही, ती पुढेच राहते, तरी तोंड उघडते! चकतीची जागा हेच दुखण्याचे मूळ, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. मात्र जुनाट दुखण्यावर हा उपाय सरसकट करू नये, असेच २०२३ च्या शिफारशी सांगतात. अडकलेल्या जबड्यात तोंड उघडण्यापुरता त्याचा उपयोग होतो.

दुर्बिणीतून सांधा पाहण्याचे तंत्र जपानचे मासातोशी ओनिशी यांनी १९७५ मध्ये आणले होते. मग यातला कोणता उपाय श्रेष्ठ? अमेरिकेत जबडा अडकलेल्या १०६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गट केले. एकाला औषधे व सल्ला, दुसऱ्याला व्यायाम, पट्टी व वर्तनोपचार, तिसऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, चौथ्याला सांधा उघडून शस्त्रक्रिया. पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दुखणे आणि हालचाल यांबाबत चारही गट सारखेच. मग सुरी कोणी आधी उचलावी?

टेफ्लॉनची चकती

मागे फिरता न येणारा उपाय किती महागात पडतो याचे उदाहरण अमेरिकेतच घडले. खराब झालेली चकती काढून तिच्या जागी प्रॉप्लास्ट आणि टेफ्लॉन यांची पातळ चकती बसवण्याची पद्धत तेथे निघाली. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीच्या या चकतीला १९८३ साली विक्रीची मोकळीक मिळाली, तीही माणसांवरील दीर्घ चाचणीशिवाय. पहिल्या काही महिन्यांचे निकाल चांगले होते. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरचा लेप. कशाशीच रासायनिक क्रिया न करणारा पदार्थ. त्याच्यापासून काय धोका?

धोका पदार्थात नव्हता, झिजण्यात होता. गणितात पाहिलेला दाब आठवा, आणि तो दिवसातून शेकडो वेळा. चकतीचे कण सुटू लागले. बाहेरचा कण दिसला की शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळायला धावतात. टेफ्लॉन पचत तर नाही, म्हणून त्या एकत्र येऊन महापेशी बनवतात, आणि या चकमकीत सुटणाऱ्या रसायनांनी शेजारचे हाड विरघळते. कित्येकांच्या जबड्याचा माथा झिजून नाहीसा झाला, काहींच्या सांध्यावरच्या कवटीच्या हाडालाही भोक पडले. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि पुढे या चकत्या परत मागवल्या. तोवर त्या हजारो लोकांच्या जबड्यात बसल्या होत्या. त्यांतील अनेकांना पुढे एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

खेदाची गोष्ट ही की हा धडा आधीच मिळालेला होता. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉन वापरले होते. दोन-तीन वर्षांत ते झिजले आणि कणांमुळे हाडे सडली. चार्नली यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन होणारी सूज पाहिली आणि १९६२ पासून ते पॉलिएथिलीनकडे वळले. खुब्याच्या वैद्यांना ठाऊक असलेली गोष्ट जबड्याच्या वैद्यांपर्यंत वीस वर्षांनीही उपयोगी पडेल अशी पोचली नाही.

जबडा निखळतो तेव्हा

काही प्रसंगी मात्र थांबून चालत नाही. मोठी जांभई देताना माथा उताराच्या पलीकडे जातो आणि तोंड ‘आ’ वासलेलेच राहते. याचा उपचार फार प्राचीन आहे. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या इ. स. पूर्व सुमारे १६०० च्या लेखात वैद्याने अंगठे रुग्णाच्या तोंडात व बोटे हनुवटीखाली ठेवून जबडा मागे ढकलावा असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेतही हनुसंधी निसटल्यास शेक देऊन तो जागी बसवावा आणि वर पंचांगी बंध बांधावा असे आहे. आजचे डॉक्टरही अंगठे दाढांवर ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे नेतात. खाली आधी का? कारण माथ्याला उताराच्या उंचवट्याखालून परत यायचे असते. हे काम घरी करू नये. जबडा जागेवर येताच झटक्याने मिटतो आणि बोटे चावली जातात. जांभई येताना चुटकी वाजवायची आपल्याकडे रीत आहे. ज्यांचा जबडा वारंवार निखळतो त्यांनी तोच हात हनुवटीखाली आधाराला लावावा.

तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच बिघडला असेही नाही. जखमेनंतर दातखिळी बसू लागली तर तो धनुर्वात असू शकतो, आणि त्यात एक तासही दवडू नये. अक्कलदाढेभोवती पू झाला तरी तोंड उघडेनासे होते. आणि आपल्याकडे विशेष पाहावे लागते ते सुपारी, मावा, गुटखा यांकडे. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली ताठ तंतू साचतात, गाल पुठ्ठ्यासारखा कडक होतो, तिखट झोंबू लागते आणि तीन बोटांची जागा दोनावर, मग एकावर येते. सांधा शाबूत असतो. गालच उघडू देत नाही. हा विकार पुरता मागे फिरत नाही आणि त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण नुसती सुपारीही हा विकार जडवते. तेव्हा तीन बोटांची परीक्षा घरातील मोठ्यांकडूनही करवून घ्या.

हनुवटीवर पडल्यावर

सायकलवरून किंवा झाडावरून हनुवटीवर पडलेल्या मुलाची हनुवटी शिवली जाते आणि सगळे निश्चिंत होतात. पण हनुवटीवरचा मार हाडातून थेट कानापुढच्या माथ्यापर्यंत जातो, आणि लहान मुलांत तो माथा मोडू शकतो. म्हणून अशा मुलाचे तोंड नीट उघडते का, हनुवटी एका बाजूला वळते का, हे पाहून क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. उपचार बहुधा साधाच असतो: थोडे दिवस मऊ अन्न आणि लवकरच जबडा हलवण्याचे व्यायाम. हालचाल झाली नाही तर माथा आणि खोबण यांच्यात हाड तयार होऊन सांधा जुडतो. कानात खोलवर पसरलेला पू हेही त्याचे एक कारण असते. सांधा जुडलेल्या मुलाला घास घेता येत नाही, दात घासता येत नाहीत, आणि जबड्याची वाढ खुंटून हनुवटी मागे राहते.

येथे शस्त्रक्रियेला पर्याय नाही. जुडलेले हाड कापून काढतात, मधल्या पोकळीत शंखक स्नायूची पट्टी बसवतात आणि मुलांमध्ये पुष्कळदा बरगडीचा कूर्चेसह तुकडा लावतात, कारण तो मुलाबरोबर वाढू शकतो. त्यानंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात. दुखते म्हणून मूल ते टाळू लागले तर सांधा पुन्हा जुडतो. शल्यचिकित्सकाचे काम काही तासांचे, आई-वडिलांचे वर्षभराचे.

मोठ्या माणसात सांधा पुरता नष्ट झाला असेल तर आता कृत्रिम सांधा बसवता येतो. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या कवटीचे त्रिमित चित्र काढून त्याच्या मापाचा सांधा घडवतात. अशा सांध्याला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. त्याची खोबण दाट पॉलिएथिलीनची, म्हणजे चार्नली ज्याकडे वळले त्याच कुळातल्या पदार्थाची असते, आणि माथा कोबाल्ट-क्रोम धातूचा. त्याने दुखणे कमी होते आणि तोंड उघडते. पण माथ्याला पुढे ओढणारा स्नायू या सांध्याला जोडलेला नसतो, म्हणून तो फक्त फिरतो, सरकत नाही. एकाच बाजूला असा सांधा असलेल्या माणसाने तोंड मोठे उघडले की निरोगी बाजूचा माथा पुढे सरकतो, कृत्रिम बाजूचा जागेवरच फिरतो आणि हनुवटी त्या बाजूला वळते.